बाबांचा शटरचा टीव्ही परत लागला: खडेबाजारातल्या माडीवरच्या दुरुस्तीवाल्या अण्णांविषयी

आधी कामाचं सांगते. घरात जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असेल, तो लागत नसेल आणि मोडीत घालायला जीव होत नसेल, तर बेळगावात खडेबाजारातून आत जाणाऱ्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या वर, माडीवर एक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं न्या. पाटी नाही. जिन्याच्या तोंडाशी जुना अँटेना भिंतीला टेकवून ठेवलाय, तीच खूण. माझे एकोणीस दिवस आणि २,३०० रुपये गेले. दोन्ही सार्थकी लागले.

आमचा टीव्ही म्हणजे २० इंची, 'ईसी' छापाचा. लाकडी पेटी, दोन्ही बाजूंनी सरकत येणारं पट्ट्यांचं शटर, खाली चार बारीक पाय. बाबा इंडालमध्ये, म्हणजे बेळगावच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात, कामाला होते. १९८६ च्या दिवाळीच्या बोनसमध्ये भर घालून त्यांनी तो घेतला आणि टेम्पोतून, मांडीला मांडी लावून आईबाळाला आणावं तसा, स्वतः धरून बेळगावहून गावाकडे आणला. मी तेव्हा अकरा वर्षांची. आमच्या गल्लीतला तो तिसरा टीव्ही. पहिले दोन ज्यांच्याकडे होते त्यांच्या सोप्यात आम्ही उंबऱ्याच्या आत कधी बसलो नव्हतो. म्हणून आमच्याकडे टीव्ही आल्यावर बाबांनी एकच नियम केला: दार लावायचं नाही.

लगेच पुढच्या महिन्यांत, २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं. त्या सगळ्या रविवारी आमच्या घरात चूल लवकर पेटायची, कारण साडेनऊला सोपा भरलेला असायचा. आज्जी आंघोळ करून, कुंकू लावून, टीव्हीला एक फूल वाहून मगच बसायची. दारात चपलांचा ढीग. लाईट गेली की सगळे मिळून एकदम "अगाई!" म्हणायचे, आणि कुणीतरी सायकल काढून लाईनमनच्या घरी पळायचं. माझा धाकटा भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा. खालून आम्ही ओरडायचो: आला, आला, जरा अलीकडं, गेला, मुंग्या आल्या, पहिल्या जागी आण.

आता सीमाभागातली गोष्ट. आमच्या घरात टीव्ही आला तो हिंदी बोलत आला. मग संध्याकाळी कन्नड बोलायला लागला. मराठी आमच्या वाट्याला क्वचित यायची, रविवारी दुपारी वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे दाखवायचे त्यात मराठीची पाळी आली की तेवढीच. त्या दिवशी आई जेवणं बारालाच उरकून घ्यायची. मुंबई दूरदर्शनवर रोज मराठी लागतं हे आम्ही ऐकून होतो. मे महिन्यात पुण्याच्या मावशीकडे गेलं की संध्याकाळी तिच्या घरात मराठी बातम्या लागायच्या आणि आई स्वयंपाक सोडून पदराला हात पुसत दारात उभी राहायची. मावशीला त्याचं काहीच वाटायचं नाही, तिला सवयीचं होतं. इकडं आई 'वार्तेगळु', म्हणजे कन्नड बातम्या, बघून बघून कन्नड शिकली, आणि ते तिला पुढं दवाखान्यात, तहसीलदार कचेरीत फार उपयोगी पडलं. तरी तिच्या मनातलं ते राहिलंच होतं.

केबल आली, रंगीत टीव्ही आला, मराठी चॅनेल आले, तोवर हा शटरचा टीव्ही माळ्यावर गेला होता. म्हणजे आमच्या बाबांचा टीव्ही रोजचं मराठी बोललाच नाही. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

तो खाली काढायला निमित्त शाळेचं झालं. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. २६ जानेवारी १९२६ ला जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश माणसाने लंडनच्या सोहो भागात रॉयल इन्स्टिट्यूशनच्या मंडळींना हलतं चित्र दूर पाठवून दाखवलं. यंदा २०२६ च्या प्रजासत्ताकदिनाला त्याला शंभर वर्षं झाली. मुलांना सांगताना मला वाटलं, मोबाईलवर फोटो दाखवून काय होणार, खरा टीव्ही वर्गात आणून उघडून दाखवावा. आमच्या पाचवीतल्या मुलांनी जाड, मागं पोट असलेला टीव्ही कधी पाहिलेलाच नाही. प्रजासत्ताकदिन हुकला, पण मुलांना कबूल केलं होतं.

पहिल्यांदा तो मी दुसऱ्याच एका दुकानात नेला होता. नाव घेत नाही. त्यांनी महिनाभर ठेवून घेतला आणि म्हणाले, आतलं सगळं काढून टाकू, पेटी तेवढी ठेवू, आत एलईडी बसवून देतो, बाहेरून जुनाच दिसेल. मी नको म्हटलं तर टीव्ही परत दिला, पण चॅनेल बदलायची गोल मूठ गायब. विचारलं तर, तुम्ही आणला तेव्हाच नव्हती म्हणाले. त्या मुठीवर बाबांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, कुठल्या आकड्यावर आपलं चित्र येतं ते अंधारात दिसावं म्हणून. ती गेली याचं मला आजही वाईट वाटतं. जुनी वस्तू दुरुस्तीला देताना चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

मग सहकारी बाईंनी या माडीवरच्या अण्णांचं सांगितलं.

अण्णा साठीचे आहेत. मूळचे विजापूर जिल्ह्यातले, घरची भाषा कन्नड, पण बेळगावात चाळीस वर्षं काढल्यामुळे मराठी आपल्यासारखीच बोलतात, मध्येच 'री' येतं एवढंच. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. पितळी वजनाच्या तराजूत स्क्रू, बिस्किटाच्या डब्यांत कपॅसिटर, चहाच्या खोक्यात जुन्या मुठी. बेअर्डनेही आपलं पहिलं यंत्र चहाचं खोकं, बिस्किटाचा डबा, रफू करायच्या सुया असल्याच सामानातून, माडीवरच्याच खोलीत उभं केलं होतं. मी ते अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तो आमच्यातलाच की हो बाई."

टीव्ही त्यांनी लगेच लावला नाही. आधी मागचं झाकण काढलं. आत चाळीस वर्षांची धूळ, काळी, मऊ, शेवरीच्या कापसासारखी चिकटलेली. ती रंगाच्या ब्रशने झाडली. मग लांब मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक लोखंडी चौकटीला लावलं आणि पिक्चर ट्यूबच्या कडेच्या रबरी टोपीखाली टोक सरकवलं. "टीव्ही चालू असताना हितं पंधरा हजार व्होल्टच्या वर असतात बघा. बंद करून ठेवला तरी काही राहतं. घरी कुणी असं झाकण काढू नये." हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. मीही इथं तेच सांगते: घरी उघडू नका.

मग हळूहळू वीज वाढवत नेणाऱ्या यंत्राला जोडून त्यांनी तो सुरू केला. ट्यूबच्या मानेत आधी एक नारिंगी ठिणगी दिसली, देवघरातल्या निरांजनाएवढी. अर्धं मिनिट गेलं. आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसलेला त्यांचा नातू वर न बघताच म्हणाला, "आजोबा, लागला."

पडदा काळाच होता. मी बघतच राहिले. अण्णा हसून म्हणाले, त्याला शिट्टी ऐकू येते, मला आता येत नाही. मला तरी कुठं आली! पण लहानपणी मागच्या परड्यात असले तरी घरात टीव्ही लावलाय हे आवाज बंद असतानाही मला कळायचं, ते एकदम आठवलं. ती बारीक सुई टोचल्यासारखी शिट्टी कुठून येते ते अण्णांनी कागदावर मांडून दाखवलं. आपल्याकडच्या टीव्हीत एक चित्र ६२५ ओळींचं. सेकंदाला अशी २५ चित्रं. गुणाकार केला की १५,६२५. सेकंदाला इतक्यांदा आतली किरणांची धार डावीकडून उजवीकडे पळते, आणि तेवढ्याच वेगाने आतला ट्रान्सफॉर्मर थरथरतो. लहान मुलाच्या कानाला ते ऐकू येतं, वय झालं की आधी हाच बारीक आवाज जातो. पाचवीचा गुणाकार एवढ्या कामाचा मी याआधी कधी पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने पडदा उजळला, पण चित्र नाही. मधोमध आडवी एक पांढरी रेघ, लखलखीत, सुतासारखी सरळ. वर काळं, खाली काळं.

"व्हर्टिकल गेलंय," अण्णा म्हणाले. "ट्यूब मात्र चांगली आहे. नशीबवान आहात."

आता ही रेघ मला किती मोलाची वाटली ते सांगते. बेअर्डचं यंत्र फिरत्या तबकडीचं होतं. तबकडीला भोकं, कल्पना जर्मनीच्या पॉल निपकोची, १८८४ मधली. चित्र अवघ्या ३० ओळींचं. त्या वाटेने टीव्ही फार पुढं जाणार नव्हता. तबकडी न फिरवता विजेनेच ओळी ओढायच्या ही युक्ती करून दाखवली ती अमेरिकेतल्या फायलो फार्न्सवर्थ नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने. असं सांगतात की चौदा वर्षांचा असताना शेतात नांगराचे तास बघून त्याला ते सुचलं: रान जसं एकेका तासाने उलगडत जातं तसं चित्रही एकेका ओळीने उलगडावं. ७ सप्टेंबर १९२७ ला, एकविसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत त्याने आपल्या यंत्रातून जे पहिलं चित्र पाठवलं ते म्हणजे फक्त एक सरळ रेघ. आमच्या बिघडलेल्या टीव्हीवर होती तशीच.

आमच्याकडे रताळी असतात. सरीवरंबे काढताना बैल टोकाला जाऊन वळतात आणि परतताना पुढचं तास घालत येतात. टीव्हीतली धार तसं करत नाही. ती उजव्या टोकाला पोचली की रिकामीच झटक्यात डावीकडे परत येते आणि नवी ओळ सुरू करते. त्या रिकाम्या परतीच्या झटक्यातूनच ते पंधरा हजार व्होल्ट तयार होतात, अण्णांनी बोट ठेवून तो ट्रान्सफॉर्मर दाखवला. शिवाय धार आधी एकाआड एक ओळी ओढते आणि दुसऱ्या फेरीत मधल्या भरते, म्हणून डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. आमच्या टीव्हीत धार डावी-उजवी नीट पळत होती, पण तिला वरून खाली आणणारा भाग मेला होता. सगळं नांगरणं एकाच तासात चाललं होतं.

एक आयसी, म्हणजे छोटी चिप, आणि सात कपॅसिटर बदलायचे निघाले. आयसी बेळगावात मिळेना, त्यांनी हुबळीहून मागवली. तिथंच उशीर झाला. आठ दिवस सांगून एकोणीस लागले आणि या काळात अण्णा फोन उचलत नाहीत. मी खानापूरकडून दोन वेळा एसटीने फुकट खेटा घातला. हे चुकतंय, मी त्यांना तोंडावर सांगितलं, म्हणून इथंही लिहिते. जायचं असेल तर नातू शाळेतून आल्यावर संध्याकाळी पाचनंतर जा, तो असला की निरोप पोचतो. बिल छापील मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब लिहून देतात, पण तो हिशेब असा की शाळेत दाखवावा: प्रत्येक भागाची किंमत वेगळी, काढलेला जुना भाग पुडीत बांधून परत. मजुरी ९००. जिना अरुंद आहे, वीस इंची टीव्ही चढवायला दोन माणसं लागतात. पडदा आपल्या छातीकडे करून धरायचा, जड बाजू तीच.

दुसऱ्या खेटेच्या दिवशी पाऊस लागला, म्हणून मी तिथंच बसले, आणि अण्णांनी या धंद्यात कसे आलो ते सांगितलं. आपल्या देशात टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झाला, तोही प्रयोग म्हणून, आठवड्यातून दोनच दिवस. मुंबईला तो यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. तेरा वर्षं! म्हणून आपण समजतो की टीव्ही आधी शहरात आला आणि मग झिरपत खेड्यात. अण्णांच्या गावात उलटं झालं. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्या देशाला वापरायला मिळाला. सहा राज्यांतली २,४०० खेडी निवडली, मागास जिल्ह्यांतली. कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर. त्यात अण्णांचं गाव. बेळगाव शहरात कुणाच्या घरी टीव्ही नव्हता तेव्हा त्या उघड्या माळावरच्या गावात शाळेच्या ओसरीवर टीव्ही लागायचा. चित्र कुठल्या टॉवरवरून नाही, थेट आकाशातून.

"कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असते की नाही, तसल्या जाळीची छत्री होती, दहा फुटी," अण्णा हात पसरून म्हणाले. "तिच्यावर कावळे बसायचे. कावळे हाकलायचं काम मास्तरांनी मला दिलं. मी दहा वर्षांचा. सगळं गाव टीव्हीकडे तोंड करून आणि मी एकटा छत्रीकडे तोंड करून. मला वाटायचं, चित्र हितं येतंय ना, मग हितं दिसत का नाही?"

सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, आणि तेही कन्नडमध्ये. विक्रम साराभाईंनी अमेरिकेशी हा करार १९६९ मध्ये करून घेतला होता. ते १९७१ मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. गावोगावचे टीव्ही हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले होते. आमचा 'ईसी' त्याच कंपनीचा, म्हणूनच पहिल्या दिवशी अण्णांनी पेटीवरून हात फिरवला होता, तेव्हा मला कळलं नव्हतं. ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं आणि उपग्रह परत सरकवून नेला. छत्री तशीच उभी. "कावळे बसायचे. आता हाकलायचं कारण नव्हतं," एवढंच ते बोलले आणि सोल्डर तापायला ठेवली.

आपला स्वतःचा इन्सॅट-१बी १९८३ मध्ये वर गेला आणि १९८४ पासून गावोगाव छोटे ट्रान्समीटर बसत गेले, तेव्हा कुठं दिल्लीचं चित्र आमच्यासारख्यांच्या कौलांपर्यंत पोचलं. बाबांनी १९८६ ला टीव्ही घेतला तो त्या जोरावर.

आता ते ट्रान्समीटरही बहुतेक बंद झालेत. अँटेना कितीही फिरवला तरी मुंग्याच. त्यामुळे जुना टीव्ही नुसता दुरुस्त करून भागत नाही, त्याला चित्र कुठून द्यायचं हा प्रश्न उरतो. पुष्कळ दुरुस्तीवाले इथंच हात टेकतात. अण्णांनी फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सला एक छोटी डबी जोडली, मॉड्युलेटर. ती डबी बॉक्समधलं चित्र घेऊन त्याचा जुन्या पद्धतीचा सिग्नल करते आणि टीव्हीच्या अँटेनाच्या जागी पोचवते. टीव्हीला वाटतं, कौलांवर अँटेना आहे. आतली एकही वायर बदलावी लागली नाही. चहाच्या खोक्यातून त्यांनी एक मूठ शोधून बसवली, अगदी आमच्यासारखी नाही, पण बसली.

घरी आणून सोप्यात जुन्या जागी ठेवला. आईने शटर स्वतः सरकवलं. एक बाजू अडते, ती आधीपासून अडते, तिथं ती अंगठ्याने वर उचलून मग ढकलते, हात विसरला नव्हता. संध्याकाळी सह्याद्रीवर बातम्या लागल्या. काळ्यापांढऱ्या. आई आमच्या रंगीत टीव्हीवर मराठी बातम्या रोज बघते, नवीन काही नाही. पण ती उठून उभी राहिली, पदराला हात पुसले, आणि पुढच्या बातम्या होईपर्यंत बसली नाही. मग म्हणाली, "ह्यांना ऐकायला पायजे होतं गे हे."

टीव्ही शाळेतही जाऊन आला. पाचवीच्या सव्वीस मुलांपैकी चोवीस जणांना शिट्टी ऐकू आली.

एक राहिलं. पहिल्या दिवशी धूळ झाडल्यावर पेटीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन तारखा निघाल्या होत्या, जुन्या दुरुस्त्यांच्या. एक १९८९ ची, मराठी आकड्यांत. दुसरी १९९३ ची, कानडी आकड्यांत. झाकण लावण्याआधी अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि माझ्या हातात दिली. "बाई, तुमचं अक्षर चांगलं. तारीख तुम्ही घाला." मी दोन्हींच्या खाली मराठीत तारीख घातली. त्यांनी चष्मा लावून शेजारी कन्नडमध्ये सही केली, आणि स्क्रू पिळायला घेतले.